गुडघ्यावरची कॉइल: मॅग्नेटचं मशीन नेमकं काय करतं?

तासगावकडच्या एक मावशी मागच्या वर्षी हळदीची कामं उरकल्यावर माझ्याकडे आल्या. गड्डे आणि हळकुंडं वेगळी करत दीड महिना उकिडवं बसल्या होत्या. दोन्ही गुडघे धरलेले, उजवा जरा जास्त. एक्स-रेची पिशवी सोबत होतीच, शिवाय पदराखाली घडी करून ठेवलेलं एक रंगीत पत्रक. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'ऑपरेशनशिवाय नवा गुडघा', आणि खाली पांढऱ्या कड्यात पाय घालून हसणाऱ्या आजोबांचा फोटो.

"मॅग्नेटचं मशीन हाय म्हणं. वीस सिटिंग घ्यायला लागत्यात, पण पैसं आधी भरायचं. पोरगा म्हणतोय भरूया. तुम्ही काय म्हणताय मॅडम?"

सांगलीत फिजिओथेरपी करताना हा प्रश्न मला वरचेवर येतो. एका वाक्यात त्याचं उत्तर देता येत नाही, कारण ते मशीन थोतांडही नाही आणि पत्रकावर लिहिलंय तेवढं काही करतही नाही. मावशींना मी अर्धा तास बसवून सांगितलं. तेच इथं जरा सविस्तर लिहिते.

या उपचाराचं पूर्ण नाव 'पल्स्ड इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड थेरपी', थोडक्यात पीईएमएफ. म्हणजे ठोक्याठोक्याने येणारं विद्युतचुंबकीय क्षेत्र. नाव बोजड आहे, पण यातली मूळ गोष्ट आपल्या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या विहिरीवर रोज घडते.

माझे वडील मोटार वायंडिंग करायचे. उन्हाळा लागला की दुकानापुढं जळलेल्या मोटारींची रांग लागायची. वीज रात्रीची, व्होल्टेज कमी, त्यात एखादी फेज गेली की मोटार गेलीच. ते जुनी काळी पडलेली तार उपसून काढायचे आणि नव्या तांब्याच्या तारेचे टर्न मोजत कॉइल भरायचे. वायंडिंग झालं की मोटार जोडण्याआधी एक तपासणी असायची आणि ती बघायला मी शाळेतून पळत यायचे. रिकाम्या स्टेटरमध्ये, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या बाहेरच्या भागात, बेअरिंगचा एक छर्रा टाकायचा आणि कमी व्होल्टेजवर थोडा वेळ करंट सोडायचा. तारेचा छर्‍याशी काही संबंध नाही, कुणी त्याला हात लावलेला नाही, तरी तो आतल्या कडेकडेनं गरगर फिरायला लागायचा. छर्रा अडखळला की समजायचं, एखादी कॉइल उलटी जोडली गेलीय.

तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते हवेतून पलीकडं पोचतं. कापडातून, कातडीतून, हाडातूनही पोचतं. छर्रा फिरतो तो त्या क्षेत्रामुळे.

दुसरा प्रयोग वडिलांनी मला सातवी-आठवीत दाखवला, आणि पीईएमएफ समजायला तो जास्त उपयोगाचा आहे. एका कॉइलमध्ये घरचा करंट सोडला आणि तिच्याशेजारी दुसरी सुटी कॉइल धरली. या दुसऱ्या कॉइलला फक्त टॉर्चचा छोटा बल्ब जोडलेला होता, तरी बल्ब लागला. मग पहिली कॉइल त्यांनी बॅटरीवर जोडली. जोडताना बल्ब क्षणभर लुकलुकला, नंतर विझला तो विझलाच. तार काढताना पुन्हा एकदा लुकलुकला.

मायकेल फॅरडेनं १८३१ मध्ये शोधलेला नियम तो हाच. चुंबकीय क्षेत्र बदलत असेल, तरच ते शेजारच्या तारेत वीज निर्माण करतं. घरचा करंट सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होतो, त्यामुळे क्षेत्र सतत बदलतं आणि बल्ब लागतो. बॅटरीचा करंट एकसारखा असतो, त्यामुळे क्षेत्र आहे तिथंच थांबतं आणि बल्ब विझतो.

आता बल्बच्या जागी गुडघा ठेवा. आपल्या शरीरात खारट पाणी भरपूर आहे आणि खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. गुडघ्याभोवतीच्या कॉइलमध्ये ठोक्याठोक्यानं करंट सोडला की प्रत्येक ठोक्याला क्षेत्र वाढतं, उतरतं, आणि आतल्या पेशींमध्ये अतिशय क्षीण विद्युत क्षेत्र तयार होतं. ते इतकं क्षीण असतं की बहुतेकांना काहीच जाणवत नाही. टेन्स किंवा आयएफटी (इंटरफेरेन्शियल) या दुखऱ्या जागी सौम्य करंट देणाऱ्या यंत्रांचे पॅड लावल्यावर मुंग्या येतात, कारण तिथं करंट थेट कातडीतून जातो. शॉर्टवेव्ह डायथर्मीनं, म्हणजे ज्याला आपण 'आतला शेक' म्हणतो त्यानं, ऊब लागते. पीईएमएफमध्ये यातलं काही होत नाही. "मशीन चालू हाय का न्हाई?" असं विचारणारे पेशंट खूप भेटतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

बदलणारं क्षेत्र आणि एकसारखं क्षेत्र यांतल्या फरकाबद्दल मी पोटतिडकीनं लिहितेय, कारण आपल्याकडे चुंबकाच्या गाद्या, पट्टे, कडी आणि चपला दारोदार विकल्या जातात. विकणारे ओळखीतलेच असतात, नात्यातलेही असतात, आणि मशीन व गादी या दोन्ही गोष्टी 'मॅग्नेट थेरपी' या एकाच नावाखाली खपवल्या जातात. गादीतला चुंबक एकसारखा असतो, बॅटरीवर जोडलेल्या कॉइलसारखा. त्यावर तुम्ही निवांत झोपलात तर बदलणारं असं काहीच नसतं, म्हणजे बल्ब लागायचं कारण नाही. पीईएमएफवरच्या अभ्यासाचा कागद दाखवून कुणी गादी विकत असेल, तर तो कागद त्या गादीबद्दल नाही.

दुसरा गैरसमज ताकदीचा. चुंबकीय क्षेत्र टेस्लात मोजतात: हजार मायक्रोटेस्लाचा एक मिलिटेस्ला, हजार मिलिटेस्लाचा एक टेस्ला. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. गुडघ्यासाठीच्या बऱ्याच मशीनचं क्षेत्र एक-दोन मिलिटेस्लाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं, म्हणजे फार तर पृथ्वीच्या क्षेत्राच्या पंधरा ते ऐंशी पट. एमआरआयचं नेहमीचं मशीन १.५ टेस्लाचं असतं, १.५ मिलिटेस्लाच्या कॉइलपेक्षा ते हजार पट ताकदवान. नुसत्या ताकदीनं गुडघे बरे होत असते, तर एमआरआय काढून आलेला प्रत्येक पेशंट जिना पळत उतरला असता. इथं ठोका किती वेळानं येतो, तो कसा चढतो-उतरतो आणि किती तास दिला जातो याला महत्त्व आहे.

मुळात हे सगळं सुरू झालं ते हाडापासून. १९५७ मध्ये जपानच्या फुकादा आणि यासुदा या दोघांनी दाखवलं की हाडावर दाब दिला की त्यात सूक्ष्म वीज तयार होते. १९६२ मध्ये अमेरिकेत अँड्र्यू बॅसेट आणि रॉबर्ट बेकर यांनी हाच धागा पुढं नेला. विचार साधा होता: चालताना दाब पडतो, दाबानं वीज तयार होते आणि ती हाडाच्या पेशींना 'इथं बांधकाम करा' असं सांगते, तर मग मोडून न जुळणाऱ्या हाडाला तीच खूण बाहेरून देता येईल का? कॉइल लावून ती देता आली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, न जुळणाऱ्या फ्रॅक्चरसाठी अशा यंत्राला मान्यता दिली.

'एफडीए मान्य' हा शिक्का पत्रकावर दिसला तर एवढं विचारा, मान्यता कशासाठी? हाड जुळवण्यासाठीची मान्यता गुडघ्याच्या झिजेला आपोआप लागू होत नाही. हाडाला भरपूर रक्तपुरवठा असतो, ते स्वतःहून जुळतं, त्याला फक्त ढकलायला लागतं. गुडघ्यातल्या गादीची गोष्ट वेगळी आहे.

ज्याला आपण गादी म्हणतो ती कूर्चा: मांडीच्या आणि नडगीच्या हाडाच्या टोकांवरचा पांढरा, गुळगुळीत थर. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे तो थर झिजल्यावर फारसा भरून येत नाही. आणि त्यात नसाही नाहीत. हे ऐकून पेशंट दचकतात. मग दुखतं ते काय? दुखतं ते गादीखालचं हाड, सांध्याचं आतलं सुजलेलं अस्तर, ताणलेले बंध आणि दमलेले स्नायू. म्हणून तर एक्स-रेमध्ये दोन हाडांमधली फट पार मिटलेला माणूस आरामात अजिंक्यतारा चढताना दिसतो आणि जवळजवळ चांगला एक्स-रे असलेली बाई खुर्चीतून उठताना कळवळते. मावशींच्या एक्स-रेत डावा गुडघा जास्त झिजलेला होता. जास्त दुखत होता उजवा.

यातून आणखी एक गोष्ट निघते. दुखणं कमी झालं म्हणजे गादी वाढली असं होत नाही. पेन किलर घेतल्यावरही दुखणं कमी होतं, गादी तेवढीच राहते. पीईएमएफनं माणसाच्या गुडघ्यात झिजलेली गादी पुन्हा भरून आल्याचं कुणीही खात्रीनं दाखवलेलं नाही. 'नवा गुडघा' हे शब्द पत्रकावर कुणी छापले असतील, तर ते खोटं छापलंय. यात मी शब्द मऊ करणार नाही.

मग ते दुखणं तरी कसं कमी करत असेल? प्रयोगशाळेत कूर्चेच्या आणि सांध्याच्या अस्तराच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांना हे ठोके दिले गेले. पेशींवर ॲडेनोसिन नावाच्या पदार्थाला पकडणाऱ्या 'मुठी' असतात. त्यातल्या दोन प्रकारच्या मुठींची संख्या वाढली आणि सूज आणणारे पदार्थ कमी झाले. ॲडेनोसिन हा सूज आवरणारा शरीराचा स्वतःचा निरोप आहे. निरोप तोच, घेणारे हात वाढले. पण बशीतली पेशी आणि साठ वर्षं भांगलण केलेला गुडघा यांत खूप अंतर आहे. त्यासाठी माणसांवरचे अभ्यासच बघावे लागतात.

त्या अभ्यासांमध्ये सगळ्यात महत्त्वाचं असतं ते खोटं मशीन. एका गटाला खरी कॉइल लावतात, दुसऱ्या गटाला हुबेहूब तशीच दिसणारी. दिवा लागतो, वेळ तेवढीच, पण कॉइलमध्ये करंट नाही. पीईएमएफचं काही जाणवतच नसल्यामुळे आपण कुठल्या गटात आहोत हे पेशंटला ओळखता येत नाही. टेन्सच्या बाबतीत हे इतकं सोपं नाही, मुंग्या आल्या की माणसाला कळतं.

खोट्या मशीनची एवढी काय गरज, हे मावशींच्याच उदाहरणावरून बघा. त्या माझ्याकडे आल्या हळदीचं काम संपल्यावर, दुखणं सगळ्यात वर असताना. माणूस डॉक्टरकडे जातो तोच मुळी दुखणं असह्य झाल्यावर. सुगी सरली, उकिडवं बसणं थांबलं, आता पुढचे तीन आठवडे काहीही केलं नसतं तरी गुडघा थोडा हलका झालाच असता. त्याच तीन आठवड्यांत वीस सिटिंग झाली असती, तर श्रेय कुणाला मिळालं असतं? शिवाय रोज कुणीतरी आपुलकीनं चौकशी करतं, आता बरं वाटणार ही आशा असते, तिचाही परिणाम दुखण्यावर खरोखर होतो. खोट्या मशीनच्या गटालाही हे सगळं मिळतं. म्हणून दोन गटांतला जो फरक उरतो, तेवढाच कॉइलचा.

कॉक्रेन ही जगभरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था आहे. तिनं २०१३ मध्ये अशा नऊ अभ्यासांतल्या मिळून ६३६ पेशंटांचा आढावा घेतला. ४ ते २६ आठवड्यांच्या उपचारानंतर खऱ्या मशीनच्या गटाचं दुखणं खोट्या मशीनच्या गटापेक्षा शंभरपैकी सुमारे १५ गुणांनी जास्त कमी झालं होतं. दहाच्या मापात सांगायचं तर खोट्या मशीनवर साडेसहा राहिलेलं दुखणं खऱ्या मशीनवर पाच. ही सरासरी आहे. कुणाला जास्त, कुणाला काहीच नाही. पण जिना चढणं, उठबस, रोजची कामं यांत मात्र खात्रीनं सांगावा असा फरक दिसला नाही. मशीनमुळे त्रास झाल्याचं प्रमाण दोन्ही गटांत साधारण सारखंच होतं.

नऊ अभ्यासांत ६३६ माणसं म्हणजे एका अभ्यासात सरासरी सत्तर. आकडा लहान आहे. प्रत्येकाचं मशीन वेगळं, ठोके वेगळे, वेळ वेगळा. कुठं दिवसाला अर्धा तास, कुठं कित्येक तास. त्यामुळे 'याचा डोस अमुक' असं औषधासारखं ठरवून सांगता येत नाही. अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेनं २०२१ च्या मार्गदर्शनात पीईएमएफ 'वापरता येईल' असं म्हटलं, पण शिफारशीची ताकद 'मर्यादित' ठेवली.

आमच्या व्यवसायाबद्दलही इथं लिहायला हवं. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२२ मध्ये झिजेच्या सांधेदुखीसाठी टेन्स, इंटरफेरेन्शियल, अल्ट्रासाउंड, लेझर ही यंत्रं देऊ नका असं सांगितलं, कारण फायद्याचा पुरेसा पुरावा नाही. ही यंत्रं आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक क्लिनिकमध्ये आहेत. त्याच मार्गदर्शनात एक उपचार मात्र प्रत्येक पेशंटला द्या असं म्हटलंय, तो म्हणजे व्यायाम. आणि नेमका व्यायाम सांगितला की पेशंटचा चेहरा उतरतो. "म्हंजे मशीन न्हाई लावणार?" एवढ्या लांबून एसटीनं यायचं आणि घरी करायचा व्यायाम शिकून जायचं, हे त्यांना फसवल्यासारखं वाटतं. मला ते कळतं. पण मांडीचा पुढचा स्नायू हा गुडघ्याचा शॉक ॲब्सॉर्बर आहे. दुखतं म्हणून माणूस पाय वापरत नाही, न वापरल्यानं मांडी बारीक होते, मांडी बारीक झाली की प्रत्येक पावलाचा दणका थेट सांध्यावर येतो, आणि मग आणखी दुखतं. शिवाय गादीला रक्त नसल्यामुळे तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून. दाब पडला की गादी स्पंजासारखी पिळली जाते, सुटला की वंगण आत ओढते. गुडघा हलला नाही तर गादी उपाशी राहते. वजनाचंही तसंच आहे: एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार कमी होतो.

मग मशीन लावायचंच नाही का? माझं मत असं, की ज्यांचं दुखणं इतकं आहे की व्यायामच करता येत नाही, ज्यांना किडनीच्या किंवा पोटाच्या त्रासामुळे पेन किलर चालत नाहीत, आणि ज्यांना खर्च झेपतो, त्यांनी थोडे दिवस करून बघायला हरकत नाही. दुखणं दीड गुणानं उतरलं तर तेवढ्या काळात मांडी कामाला लावायची. नुसतं कड्यात पाय घालून झोपायचं आणि घरी जायचं, याला मी पैसे भरा म्हणणार नाही. सगळे पैसे आधी मागणाऱ्या ठिकाणी तर मुळीच नाही.

पेसमेकर किंवा हृदयात बसवलेलं दुसरं यंत्र, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, इन्सुलिन पंप यांतलं काही असेल तर या कॉइलजवळ जाऊ नका. ठोक्यांमुळे ती यंत्रं गडबडू शकतात. गरोदरपणात, फिट्सचा आजार असताना किंवा कॅन्सरचे उपचार चालू असताना आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि गुडघा अचानक लाल, गरम झाला आणि सोबत ताप आला, तर मशीन, शेक, मालिश सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तो झिजेचा गुडघा नसतो.

मावशींनी पत्रक परत घडी करून पदराखाली ठेवलं. मी त्यांना पलंगावर पाय पसरून बसवलं आणि गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. "टॉवेल खाली दाबा. मनात पाच म्हणा. सोडा." पहिल्यांदा मांडी हललीच नाही, नुसता पंजा थरथरला. मी त्यांचाच हात धरून गुडघ्याच्या वर मांडीवर ठेवला, म्हणजे स्नायू आवळला की त्यांना बोटांना कळेल. चौथ्या-पाचव्या वेळेला हाताखाली ती गाठ आवळली तशा त्या म्हणाल्या, "हां, ह्ये धरलं बघा." असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. आठवड्यानं उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणं. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, म्हणजे त्यांच्या बाबतीत डाव्या.

आणि एक हिशेब ठेवायला सांगितला. घरात भिंतीवर कॅलेंडर असतंच, दुधाचे लिटर त्यात लिहिलेले असतात. त्याच चौकटीत रोज रात्री दुखण्याचा आकडा लिहायचा, शून्य ते दहा. दोन आठवडे नुसतं लिहायचं, मशीनचा विचार त्यानंतर. म्हणजे दुखणं आपणहून किती उतरतं ते आधी कळेल.

दोन आठवड्यांनी आठचे सहा झाले होते. मशीन न लावता. मुलाचा हट्ट होता म्हणून मग त्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी, सिटिंगला सिटिंगचे पैसे देऊन, दहा वेळा कॉइल लावली. आकडा पाचावर आला, एखाद्या दिवशी चार. कॉइलमुळे की टॉवेलमुळे, हे एका गुडघ्यावरून मला सांगता येणार नाही, आणि तसं मी मुलालाही सांगितलं. दहानंतर त्यांनी मशीन थांबवलं, टॉवेल थांबवला नाही.

दिवाळीआधी त्या फराळाचा डबा घेऊन आल्या तेव्हा ते कॅलेंडरही आणलं होतं. दुधाच्या आकड्याशेजारी दुखण्याचा आकडा, कुठं तीन, कुठं चार, भांगलणीच्या आठवड्यात सहा. ऑगस्टपासून काही चौकटींत पेन्सिलीनं एक छोटी रेघही होती. ही कसली, म्हणून विचारलं.

"त्या दिशी माडीवर गेलते," मावशी म्हणाल्या. "कठड्याला न धरता."